खुनी कोण, ते बकारामभाऊजी सांगतील

आमच्या बकारामभाऊजींना इंग्रजी येत होतं. हे मी म्हणत नाही, अख्खी मुर्री म्हणत होती. मुर्री म्हणजे गोंदियाच्या वेशीवरचं गाव. मी तिथं प्राथमिक शाळेत मास्तर होतो. मॅट्रिकला इंग्रजीत पास, गणितात नापास. म्हणजे गावात इंग्रजी येणारा माणूस एकच होता, आणि तो मी होतो. पण मला कोण विचारतो! मी पडलो साळा. माझी थोरली बहीण धुरपता, जिला आम्ही घरात बाई म्हणतो, तिचे मालक ते बकारामभाऊजी. आमच्याकडे जावई म्हणजे देव. साळा वयानं, शिक्षणानं, अकलेनं कितीही मोठा असो, त्यानं वाकून पाया पडायचं आणि चारचौघांत जावयाचं उणं काढायचं नाही. काढलं तर बहिणीला सासरी जन्मभर ऐकावं लागतं. असला जावई, आणि त्याच गावात माझी नोकरी! आठ वर्षं मी ओठ शिवून बसलो. आता पेन्शनवर आहे, माझी बदली कोणी करू शकत नाही, म्हणून सांगतो.

हे इंग्रजी आलं कुठून तेही ऐका. शेहेचाळीस सालापर्यंत भाऊजी रेल्वेतल्या एका गोऱ्या फोरमनच्या बंगल्यावर कामाला होते. हॅरिस साहेब त्याचं नाव. साहेबाकडे मोठा थोरला रेडिओ होता, आणि आठवड्यातून एकदा संध्याकाळी त्यावर थेट विलायतेहून एक जासुशी कथा लागायची. टॉलबर्ट नावाचा कोणी साहेब दर खेपेला एक खुनी शोधायचा. हॅरिस साहेब आरामखुर्चीत, मेमसाहेब विणकाम घेऊन, आणि भाऊजी दाराआड ट्रे धरून उभे. पावलांचा आवाज यायचा, दार करकरायचं, बाई किंचाळायची, गोळी सुटायची, मग बाजा वाजायचा. एवढ्यावर आमच्या जावयांनी विलायत समजून घेतली. त्यातही कमाल अशी, की टॉलबर्ट खुन्याचं नाव सांगायला लागला की इकडे हॅरिस साहेबाला नेमका सोडा लागायचा. भाऊजी सोडा आणायला पळायचे आणि परत येईपर्यंत तिकडे विलायतेत न्यायनिवाडा आटोपलेला असायचा. एवढ्या वर्षांत त्यांनी एकाही कथेचा शेवट ऐकला नाही. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, एकदा होळीला भांग चढली होती तेव्हा. दुसऱ्या दिवशी ते विसरले, मी नाही विसरलो.

साहेब बोटीत बसून निघून गेला. जाताना त्यानं भाऊजींना डोक्यावरचा एक जुना साहेबी टोप दिला. झालं! भाऊजी मुर्रीत आले, मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, दोन बांध्या भातजमीन बटईनं, निम्म्या पिकाच्या वाट्यावर घेतली, आणि संध्याकाळी टोप घालून कडुनिंबाखाली बसू लागले. धान कसं लावावं हे त्यांना कधी नीट जमलं नाही, पण कथा सांगायला बसले की बाया चुलीवरचा भात सोडून यायच्या. शेवट ते आपल्या मनाचे जोडायचे. आज खुनी सावकार, उद्या सावत्र भाऊ, परवा कंपाउंडर.

आणि इंग्रजीची परीक्षा कोणी घेऊ नये, याचीही त्यांनी सोय करून ठेवली होती. कोणाकडे तार आली, कोर्टाचा कागद आला, की लोक आधी त्यांच्याकडे जायचे. भाऊजी कागद उलटासुलटा करून म्हणायचे, "हे लिखी इंग्रजी होय. ते मास्तराकडे न्या. माही बोलकी इंग्रजी हाय." आता मुर्रीत बोलक्या इंग्रजीत बोलायला येणार कोण? म्हशी? त्यामुळे कागद वाचण्याची हमाली माझी आणि पंडित ते. कोणी मला कौतुकानं म्हणायचं, "मास्तर, तुमाले बी थोडं येते वाटते." माझ्या अंगाची आग व्हायची. घरी बाई मात्र शांत. मला वाटायचं, बिचारीचा नवऱ्यावर विश्वास आहे, कशाला तिचं मन मोडा.

चोपन्न साली, धान कापणीला आलं होतं तेव्हा, गोंदियाच्या टॉकीजचा मालक चुन्नीलाल सेठ अडचणीत सापडला. त्याला नाचगाण्याचा एक चालू हिंदी सिनेमा हवा होता. अमरावतीच्या वितरकानं तो दिला, पण त्याच्या गळ्यात एक इंग्रजी सिनेमाही बांधला. हा घेशील तर तो मिळेल. सेठ डोक्याला हात लावून बसला. रेल्वेतले गोरे निघून गेले होते, मग इंग्रजी सिनेमा पाहणार कोण? पेट्यांवरची चिठ्ठी वाचायला त्यानं मला बोलावलं. मी वाचली. विलायतेत रेडिओवर गाजलेल्या टॉलबर्ट साहेबाच्या कथेवरून काढलेला सिनेमा, असं तिच्यावर लिहिलं होतं. आणि मी गाढव बोलून गेलो, "अहो सेठजी, ही तर आमचे भाऊजी सांगतात ती मंडळी!"

सेठ उभाच राहिला. "अरे मास्टर! तो उनको ही बुलाओ ना! वो परदे के बाजू में खड़े रहेंगे, सबको समझाएँगे."

मी स्वतःच्या हातानं ही पेटी उघडली, दुसऱ्या कोणाला काय बोल लावू? दुसऱ्या दिवशी टांग्याला भोंगा बांधून सेठचा माणूस गावोगाव ओरडत फिरला, "आइए! देखिए! विलायत का खून! खूनी कौन? बकाराम साहब बताएँगे, खास आपकी भाषा में!" सेठनं भाऊजींना शब्द दिला, की चार रविवार खेळ भरले तर टॉकीजवर दरवान म्हणून कायमचं ठेवीन. भाऊजींनी टोपाला खडू लावला. बाईनं त्यांचं धोतर निळीत घातलं. मी सायकलला तेल दिलं आणि मनात म्हटलं, चला, आता उजेड पडतो.

रविवारी सकाळी दहाचा खेळ. सौंदडहून छोट्या लाईनीच्या गाडीनं लोक आले, अर्जुनीचे तर आदल्या दिवशीच येऊन नातेवाइकांकडे उतरले होते. मागे खुर्च्यांवर सेठ, त्याचा वकील, आमचे मालगुजार केवळराम आणि अशी वजनदार माणसं. मध्ये बाकडी. पुढे जमिनीवर मुर्री. एका बाजूला बाया, त्यांच्यात मालगुजारीण सुमित्राबाई, गळ्यात सोन्याची एकदाणी घालून. मालगुजारी सरकारनं केव्हाच काढून घेतली होती, पण हे सुमित्राबाईंना कोणी कळवलं नव्हतं.

आणि तो सिनेमा! आम्हाला आपलं वाटायचं, विलायतेत सोन्याचा धूर निघतो. त्या सिनेमानं आमचे डोळे उघडले. सगळी मिळून खोली एक. पडदा बदलला की ती मेलेल्या माणसाची बैठक, टेबल सरकवलं की पोलीस ठाणं, फुलदाणी ठेवली की वकिलाची कचेरी. दार आपटलं की भिंत हलायची. मेजवानीला पाहुणे पाच, त्यातला एक आधीच्या रिळात शिपाई होता. मोटारही एकच. खुनी तीच चालवायचा आणि पोलीस तीच घेऊन त्याच्या मागे लागायचे. घराबाहेर धुकं इतकं, की तिथं काही दाखवायचा खर्चच पडू नये. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईची जत्रा भरते, तिथं नाटकं करणाऱ्यांकडे याहून चार पडदे जास्त असतात.

पण भाऊजी पडद्याशेजारी भोंगा घेऊन उभे राहिले आणि त्या दळभद्री खोलीत जीव आला, हे मला कबूल करावं लागतं. "हा पाहा टॉलबर्ट साहेब येऊन राहिला. हा म्हणते, बाई, तुमचा मालक कुठी हाय? बाई म्हणते, बांधीवर गेले, येतीलच जेवाले." खरं तर ती बाई सांगत होती, की नवरा आतल्या खोलीत मरून पडला आहे. दोन मिनिटांनी प्रेत दिसलं. भाऊजी डगमगले नाहीत. "घ्या! बाई खोटं बोलली! आता साहेबाले शक आला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बाकड्यावर बसून दातओठ खात होतो.

मला निम्मं कळत होतं, निम्मं डोक्यावरून जात होतं. पण जे कळलं त्यावरून स्पष्ट होतं, की खून वकिलानं केला आहे. खोटं मृत्युपत्र त्यानंच केलं होतं. घरात चहा आणणारी एक म्हातारी मोलकरीण होती, ती बिचारी मालक गेला म्हणून रडत होती, बाकी तिचा कशाशी संबंध नव्हता. शेवटी टॉलबर्ट सगळ्यांना त्याच एका खोलीत गोळा करतो, दार लावतो, एकेकाकडे पाहतो, बोट वर करतो, आणि फट्! पडदा पांढरा. प्रिंट इतकी जुनी होती, की शेवटचा तुकडा कोणत्या गावी गळून पडला होता देव जाणे. ऑपरेटरनं हात वर केले.

दोन मिनिटं थिएटरात जो गोंधळ झाला तो विचारू नका. "खुनी कोन? खुनी कोन?" खुर्च्या आपटल्या, भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या उडाल्या. मागून सेठ घाबरून ओरडला, "बोलो बकाराम, बोलो!" भाऊजींनी घाम पुसला, भोंगा तोंडाला लावला आणि म्हणाले, "चहा आननारी म्हातारी!"

काय आनंद झाला लोकांना! "मी म्हनलो होतो ना!" जो तो शेजाऱ्याला सांगत होता. मागच्या खुर्च्यांवरून सगळ्यात जास्त टाळ्या आल्या. खुन्याची निवड सगळ्यांना पसंत पडली.

घरी परतताना मी त्यांना बांधावर गाठलं. आजूबाजूला कोणी नाही, असं पाहून म्हटलं, "भाऊजी, ती म्हातारी निर्दोष आहे. खून वकिलानं केला."

"असन," ते म्हणाले. "पन चुन्नीलालचा वकील पाहिला ना तुमी, मिशीवर ताव देऊन बसला होता? त्याच्यासमोर वकिलाचं नाव घेऊ का मी? कायले उगाच? ते म्हातारी विलायतेतली हाय. तिले कोन सांगाले जाते?"

आणि हसले. मीही हसलो. खरं सांगतो, हसलो.

असे तीन रविवार गेले. म्हातारीला तिन्ही रविवारी पकडलं. मुर्रीत त्या महिन्यात चहाला जरा वाईट दिवस आले. कोणी कप पुढे केला की घेणारा आधी आणणारीच्या तोंडाकडे पाहायचा. सुमित्राबाईंनी दोनदा सिनेमा पाहिला होता. त्या तर घरात कुलपं घालत आणि काढत फिरू लागल्या.

मालगुजाराच्या घरी चहा आणणारी बाई म्हणजे रुख्मा. नवरा हिवतापानं गेलेला, मागे कोणी नाही. पहाटे सारवण, मग भांडी, मग धान पाखडणं, आणि आल्यागेल्याला चहा. तिनं सिनेमा पाहिला नव्हता. रविवारी सगळी मालकमंडळी सिनेमाला गेल्यावर घर राखायला कोणी तरी लागतंच ना. त्यामुळे आपण खुनी आहोत हे तिला माहीत नव्हतं.

तिसऱ्या रविवारानंतरच्या गुरुवारी सुमित्राबाईंची एकदाणी हरवली.

मी शाळेत पाढे घेत होतो. मालगुजाराचा माणूस आला, "मास्तर, चाला. शाळा सोडा. ओसरीवर बोलावलं." शाळा भरायची ती मालगुजाराच्याच जुन्या कोठारात, आणि वरच्या लोकांत त्यांची ऊठबस होती, तेव्हा मी खडू ठेवला आणि निघालो. पाहतो तर काय! केवळराम मालगुजारांनी ओसरीवर सिनेमा मांडला होता. घरातली, शेतावरची, शेजारची अशी वीसेक माणसं भिंतीला लावून बसवलेली. टेबल मधोमध. त्यावर फुलदाणी नव्हती म्हणून तांब्यात झेंडू. दार लावून घेतलेलं, दाराशी कोतवाल उभा. बाया माजघराच्या उंबऱ्याशी दाटीवाटीनं, त्यांच्यात आमची बाईही. हसावं की कपाळ बडवावं मला कळेना. एकदाणी कोणी शेवटची पाहिली, कुठं ठेवली होती, पेटीची किल्ली कोणाकडे होती, हे एवढंसं विचारायचं कोणाला सुचलं नाही. हे प्रश्न सिनेमात नव्हते.

"बकाराम येऊ द्या," मालगुजार म्हणाले. "तो बोट दाखवील. मग कोतवाल ठाण्यात नेऊन देईल. आपल्याला कोणावर अन्याय करायचा नाही."

भाऊजी आले ते टोप घालून, हसतमुख. आपल्याला कथा सांगायला बोलावलंय, असं त्यांना वाटलं असावं. मालगुजारांनी सगळा मामला सांगितला आणि वर म्हणाले, "तू एवढी वर्षं टॉलबर्ट साहेबाची विद्या ऐकली. आता तिचा गावाला उपयोग होऊ दे. सेठचा निरोप आहे, दरवानाची जागा तुझी पक्की झाली. मीही शब्द टाकलाय." मग आत पाहून त्यांनी हाक मारली, "चहा आणा!"

रुख्मा कपबश्यांचं ताट घेऊन आली. वीसच्या वीस माना तिच्याकडे वळल्या. कोणी तरी हलकेच "हेच होय" असं म्हणालंसुद्धा. ती गोंधळली. तिनं विचारलं, "काय झालं जी?" ती पहिल्या माणसापुढं वाकली तर त्यानं हात मागे घेतला.

भाऊजींच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. मी समोरच होतो, मला दिसलं. त्यांनी एकदा रुख्माकडे पाहिलं, एकदा कोतवालाकडे. फक्त बोट उचलायचं होतं. बोट उचललं की गावात मान, टॉकीजवर जागा, आणि बटईच्या धानापेक्षा चांगलं जिणं. आठ वर्षं जपून ठेवलेली एकच वस्तू त्या माणसाकडे होती, ती म्हणजे त्याचं इंग्रजी. ते गेलं तर उरत होता दोन बांध्यांचा बटईदार, तोही आळशी.

त्यांनी टोप काढला.

"मालगुजार, मले इंग्रजी येत नाई."

मग ओसरी फुटून हसली. भाऊजी कथा रंगवताहेत असंच सगळ्यांना वाटलं. कोणी तरी भिंतीकडून ओरडलं, "वन्स मोर!"

"हसू नका गा! मले एक अक्षर येत नाई. साहेबाच्या दारात मी ट्रे घेऊन उभा राहत होतो, बस्. तो शिनेमा तुटला तवा मी भ्यालो. समोर वकीलसाहेब, सेठ, तुमी. कोनाचं नाव घेऊ? म्हातारी पडद्यात गरीब दिसली, म्हून तिचं घेतलं. तिनं खून केला नाई. हिनं बी काई चोरलं नाई." त्यांचा आवाज चिरकला. एवढ्या वेळा भोंग्यातून बोलले, पण असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

हसणं थांबलं. मालगुजारांचा चेहरा तापला. "बकाराम, कोणी शिकवून पाठवलं तुला? हिनं काही दिलं काय?"

भाऊजी माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी सांगा. तुमाले येते इंग्रजी. पहिल्याच रविवारी तुमी मले सांगतलं का नाई, का म्हातारी निर्दोष हाय म्हून?"

ऐका आता गंमत. जे वाक्य बोलायला मी आठ वर्षं तडफडत होतो, ते बोल म्हणून जावई स्वतः चारचौघांत माझ्यासमोर हात जोडत होता. सगळी ओसरी माझ्याकडे पाहत होती. मालगुजारही पाहत होते. मी घसा साफ केला. मनात म्हटलं, जावयाचा मान आहे, बहिणीचा संसार आहे. आणि मी काय बोललो माहीत आहे? मी म्हणालो, "इंग्रजीचं असं आहे, की त्यात अर्थ दोन्ही बाजूंनी लागू शकतो."

मॅट्रिकला इंग्रजीत पास!

रुख्मा अजून ताट धरून उभी होती. कोतवाल एक पाऊल पुढे आला. तेवढ्यात उंबऱ्यावरून आमची बाई पदर सावरत आत आली, थेट पुरुषांच्या मध्ये. बायांनी "अवो माय!" म्हणून तोंडावर हात ठेवले.

"माहा भाऊ नाई बोलनार," ती म्हणाली. "मीच सांगते. ह्याइले इंग्रजी येत नाई. लगन झालं तवा बी येत नव्हतं, आता बी येत नाई. मले पहिल्या दिवसापासून मालूम हाय. लोकं खूश, हे खूश, कोनाचं काई जात नव्हतं, म्हून मी चूप होती. आता ह्या बाईचं जाऊन राहिलं. तिले ठान्यात न्यायचं असन तं मी बी संगं येईन. आनि तिथी जाऊन सांगीन, का मालगुजारानं शिनेमा पाहून चोर धरला."

बाईला ठाऊक होतं! जिच्यासाठी म्हणून मी ओठ शिवून बसलो होतो, तिला माझ्याहून आधी ठाऊक होतं.

ठाण्यात हे सांगितलं तर हसं होईल, हे मालगुजारांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला, पण आलं. "जा सगळे घरी," ते गुरगुरले. कोतवालानं दार उघडलं. रुख्मानं ताट टेबलावर ठेवलं, तांब्यातल्या झेंडूशेजारी, आणि ती बाईच्या मागोमाग बाहेर पडली. चहा कोणीच प्यायलं नाही.

सहा दिवसांनी एकदाणी सापडली. धानाच्या ढोलीत, चिंधीत बांधलेली. सिनेमा पाहून धास्तावलेल्या सुमित्राबाईंनी चोराच्या भीतीनं स्वतःच तिथं लपवली होती, आणि गड्यांनी त्यावर यंदाचं नवं धान ओतलं. रोज जागा बदलता बदलता सुमित्राबाई हे विसरल्या आणि पेटीत शोधत बसल्या. मालगुजारांनी रुख्माला निरोप धाडला, की झालं गेलं विसर आणि कामावर ये. माफीचा शब्द त्या निरोपात नव्हता, तेवढं मालगुजारीपण त्यांनी शिल्लक ठेवलं होतं. रुख्मा गेली नाही. ती आमच्या बाईबरोबर कापणीला जाऊ लागली.

दरवानाची जागा अर्थातच गेली. चौथ्या रविवारी सेठनं मला बोलावलं. मी छाती फुगवून गेलो, भोंगा घेतला आणि शब्दाला शब्द खरा अर्थ सांगितला. अर्ध्या तासात जमिनीवरचे लोक उठून गेले. सौंदडचा एक म्हातारा जाताना म्हणाला, "कायले आलो बाप्पा! आमचा बकारामच बरा होता." शेवटी खुनी वकील आहे, असं मी जाहीर केलं तेव्हा ते ऐकायला ऑपरेटर होता आणि सेठचा वकील होता. सेठनं मला पुन्हा बोलावलं नाही.

भाऊजींनी टोप शेतात बुजगावण्याला घातला. कडुनिंबाखाली पुढे कोणी जमलं नाही. पोरंसोरं मागून "टॉलबर्ट, टॉलबर्ट" म्हणून चिडवायची, ते मान खाली घालून जायचे. धान मात्र त्या सालापासून बरं लावू लागले. त्यांच्या पाया मी पूर्वीही पडत होतो, रिवाज म्हणून. नंतरही पडत राहिलो, पण आता वाकताना मला त्यांच्या तोंडाकडे पाहवत नसे. लाज वाटायची, दुसरं काय!

फाल्गुनात एकदा विहिरीच्या वाटेवर रुख्मा भेटली. डोक्यावर घागर, हातात दोर. मी सायकलवरून उतरून बाजूला झालो. ती पुढे गेली, मग थांबली आणि वळून म्हणाली, "मास्तर, एक पुसू काय?"

"पूस की."

"तुमाले तं खरंच येते ना इंग्रजी?"

"येते," मी म्हणालो. त्या गावात मला हे पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं.

"मंग तवा काऊन नाई बोलले?"

रागानं नाही विचारलं तिनं. खरोखर कळत नव्हतं म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट पाहत घागर घेऊन उभी राहिली. मी सायकलवर टांग टाकली. शाळेला उशीर होऊन राहिला, असं काही तरी पुटपुटलो आणि जोरात पायडल मारत निघालो. बरंच पुढं गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या दिवशी रविवार होता.